हलगी रेकॉर्डवर उतरवताना: नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी स्वतःच्या डान्स ट्रॅकची बारा इंची व्हायनल रेकॉर्ड काढली. चार ट्रॅक, २०० प्रती, आणि लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, ती मी आणि कोल्हापुरात राजारामपुरीतली माझी खोली. नऊ महिने ती वाजवतोय, विकतोय, पॅक करतोय. शाहू महाराजांच्या पदरी अल्लादिया खाँसाहेब याच गावात गायले आणि त्यांचा आवाज एकाही रेकॉर्डवर नाही, ही हळहळ मला लहानपणापासून आहे. इथला आवाज हातात धरता येईल अशा वस्तूवर राहावा, म्हणून हा खटाटोप केला.

माझे ट्रॅक हलगी, घुमकं (खर्जाचं चर्मवाद्य) आणि कैताळावर (झांजा) उभे आहेत; खासबागेच्या मैदानात कुस्तीला घुमतात तेच. कॉम्प्युटरवर मिक्स दणदणीत वाजत होतं. रेकॉर्डसाठी ते जवळपास नव्यानं करावं लागलं. घुमक्याचा खर्ज मी डावी-उजवीकडे पसरवला होता. डाव्या-उजव्या आवाजातला फरक रेकॉर्डच्या खाचेत सुईला खाली-वर हलवतो, आणि तो फरक खर्जात असला की खाच उथळ होऊन सुई उडते. म्हणून १५० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो, म्हणजे दोन्हीकडे एकसारखं केलं. त्यानं बिघडलं काहीच नाही, उलट घुमकं जास्त घट्ट वाजायला लागलं.

कैताळानं मात्र रडवलं. टेस्ट प्रेसिंग, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, आली तेव्हा दुसऱ्या बाजूच्या शेवटी कैताळाचा खणखणाट फाटून नुसता ‘स्स्स’ येत होता. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला रेकॉर्डच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर खाच सरकते, मधल्या कागदी लेबलजवळ फक्त २१ च्या आसपास. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबला जातो, आणि बारीक वळणांवर सुई मागे पडते. मग वेग ४५ केला, प्रत्येक बाजू दहा मिनिटांच्या आत आणली, कैताळाचा ट्रॅक बाजूच्या सुरुवातीला घेतला. लॅकर, म्हणजे जिच्यावर आधी खाच कापतात ती मूळ तबकडी, पुन्हा कापायचे पैसे गेले, पण आवाज सुधारला. टेस्ट प्रेसिंग घाईत मंजूर करू नका. मी एका स्वस्त प्लेअरवर आणि मित्राच्या टेक्निक्स टर्नटेबलवर, दोन्हीकडे शेवटपर्यंत ऐकली.

विक्रीचं सांगायचं तर गिऱ्हाईक कोल्हापुरात थोडंच आहे. मुंबई, पुणे, बंगळुरू आणि बाकी परदेश. ज्या साइटवर मी विकतो ती बँडकॅम्प वस्तूंवर १० टक्के आणि डिजिटलवर १५ टक्के घेते. २०२० च्या मार्चपासून ते काही शुक्रवारी आपला वाटा सोडतात, अशाच एका शुक्रवारी मी आगाऊ नोंदणी उघडली आणि छपाईचा बराचसा खर्च तिथंच निघाला. डीजेंना सरसकट रेकॉर्ड पाठवू नयेत, असं माझं ठाम मत झालंय. आधी फाइल पाठवली, ज्यांनी ती खरोखर वाजवली त्यांनाच प्रत दिली. सगळ्यांत जास्त मागणी आली ती रंकाळा तलावावर हलगी वाजतानाच्या एका छोट्या व्हिडिओमुळे.

पाठवताना रेकॉर्ड जॅकेटच्या बाहेर काढून मागं ठेवा. आत ठेवली तर प्रवासात ती जॅकेटची शिवण फाडते. माझ्या पहिल्या खेपेत तसं झालं. परदेशी टपालखर्च कधी कधी रेकॉर्डच्या किमतीला गाठतो, तो आधीच धरून चाला. आणि आपला पाऊस! भिंतीला टेकवलेल्या खोक्यातल्या अकरा जॅकेटांना बुरशी आली. आता सगळ्या उभ्या, लाकडी फळीवर, सिलिका जेलच्या पुड्यांसह. एप्रिलमध्ये माळ्यावर अजिबात ठेवू नका, पत्र्याखालच्या उन्हानं रेकॉर्ड वाकते.

लेबलजवळच्या कोऱ्या पट्ट्यात कापणाऱ्यानं माझ्या सांगण्यावरून, चित्र बघून, हातानं ‘चांगभलं’ कोरलंय. बर्लिनच्या एका गिऱ्हाइकानं त्याचा फोटो पाठवून अर्थ विचारला, तेव्हा फार बरं वाटलं.

हलगी वाजवलेले काका मागच्या आठवड्यात घरी आले. रेकॉर्ड लावली, पण अँप चालू करायचं राहिलं होतं. तरी बारीकसा ठेका ऐकू येत होता. “आरं, स्पीकर बंद हाय की! मग वाजतंय कुठनं?” मी सुईकडं बोट दाखवलं. काका वाकले, कान जवळ नेला आणि बाजू संपेपर्यंत तसेच उभे राहिले. जाताना दोन प्रती घेऊन गेले. प्लेअर त्यांच्याकडे नाही. एक प्रत तालमीत देवाच्या फोटोशेजारी ठेवलीय.