एक गाणे, दोन तबकड्या : गंगापूर रोडवरील ध्वनिमुद्रिकांचे दुकान

नाशिकमध्ये गंगापूर रोडला जुन्या ध्वनिमुद्रिकांचे जे छोटे दुकान आहे, तेथे तबकडी विकत घेण्यापूर्वी तिची अख्खी बाजू ऐकू देतात. या सोयीमुळेच पॉल सायमन आणि आर्ट गारफंकेल या अमेरिकन गायक जोडीचे ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ हे गाणे दोन्ही रूपांत लागोपाठ ऐकता आले.

१९६४च्या पहिल्या अल्बममध्ये ते पहिल्या बाजूच्या अगदी शेवटी येते. साथीला साधी गिटार आणि बास, एवढेच. तो अल्बम चालला नाही. सायमन इंग्लंडला गेला, गारफंकेल शिक्षणाकडे वळला आणि जोडी जवळजवळ संपली. मात्र काही रेडिओ केंद्रांवर या गाण्याची मागणी होऊ लागली, तेव्हा जून १९६५मध्ये निर्माता टॉम विल्सन याने, गायकांना न कळवताच, मूळ ध्वनिमुद्रणावर इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रम चढवले. जानेवारी १९६६मध्ये हे नवे रूप अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि त्याच महिन्यात आलेल्या दुसऱ्या अल्बमची सुरुवातच या गाण्याने झाली.

ही हकीकत अनेकांनी वाचलेली असते, पण दुकानातील मोठ्या स्पीकरवर ती कानांना पटते. मूळ गायनाची लय काटेकोर नव्हती, त्यामुळे मागाहून आलेल्या वादकांना आधीच गायल्या गेलेल्या आवाजांच्या मागे मागे जावे लागले. दुसऱ्या कडव्यापासून ड्रम सुरू झाले की ही ओढाताण स्पष्ट जाणवते. मला तीच या रूपाची ताकद वाटते, कारण संथ गाण्याला तिच्यामुळे एक अस्वस्थ वेग येतो. तरीही दोन आवाज एकमेकांत किती नेमके मिसळले आहेत, हे कळण्यासाठी पहिलीच तबकडी लावावी.

दुकानदार काका प्रत्येक तबकडी लावण्यापूर्वी स्वच्छ पुसतात, सुई हलक्या हाताने ठेवतात आणि खरखर कोठे येईल हे आधीच सांगतात. तबकड्या उभ्या रचलेल्या आहेत, त्यामुळे त्या वाकलेल्या आढळल्या नाहीत. नाशिकच्या पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या कव्हरांना ओल धरते. येथील काही कव्हरांवर बुरशीचे डाग आहेत आणि अशा प्रतींची किंमत आणखी उतरवायला हवी होती. शनिवारी संध्याकाळी गर्दी असते, म्हणून निवांत ऐकायचे असल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जावे आणि दोन्ही तबकड्या एकत्र मागाव्यात.