हाय व्होल्टेज पॅनेलचं दार: किल्ली-इंटरलॉक, विजेवरचं कुलूप की नुसतं टाळं?

निवड करण्याआधी दोनच गोष्टी बघा: दार किती वेळा उघडावं लागतं आणि आत वीज किती बाजूंनी येते.

किल्ली-इंटरलॉकमध्ये ब्रेकर (वीज जोडणारा-तोडणारा मुख्य स्विच) चालू असेपर्यंत किल्ली त्याच्याच कुलपात अडकलेली असते. ब्रेकर पाडला, म्हणजे बंद केला, की ती सुटते आणि आयसोलेटरला (लाइन पूर्ण वेगळी करणाऱ्या स्विचला) लागते. आयसोलेटर उघडला की पुढची किल्ली अर्थिंग स्विचला, म्हणजे बंद केलेली लाइन जमिनीला जोडणाऱ्या स्विचला. अर्थिंग लागल्यावरच दाराची किल्ली मोकळी होते, आणि दार उघडं असेपर्यंत ती दारातच अडकते. सगळं उलट्या क्रमाने केल्याशिवाय ब्रेकर चढवता येत नाही. फीडर, म्हणजे आत वीज आणणाऱ्या लाइनी, तीन असतील तर तिघांच्या किल्ल्या एक्स्चेंज बॉक्समध्ये (सगळ्या किल्ल्या भरल्यावरच पुढची सोडणाऱ्या पेटीत) भरल्याशिवाय दाराची मिळत नाही. या साखळीला वायरिंग लागत नाही, त्यामुळे यार्डात दूरदूर पसरलेल्या उपकरणांना ती उत्तम.

विजेवरचं, म्हणजे सोलेनॉइडचं (विद्युतचुंबकाने खटका ओढणारं) कुलूप झटपट उघडतं आणि दाराची स्थिती कंट्रोल रूमला कळवतं. दिवसातून वीसदा दार उघडणाऱ्या टेस्ट बेमध्ये (उपकरणं तपासायच्या जागेत) मी हेच घेईन. तिथे किल्ल्या घेऊन फिरायला लावलंत तर लोक पळवाट शोधणारच. मात्र सप्लाय गेला तरी ते बंदच राहील असं निवडा.

कॅपॅसिटर बँकेत सप्लाय तोडल्यावरही चार्ज उरतो, म्हणून तिला दोन्हींचा मेळ हवा. आयईसी ६०८७१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आतल्या रेझिस्टरने व्होल्टेज ७५ व्होल्टपर्यंत उतरायला १० मिनिटं लागू शकतात. म्हणून इथे टायमर संपल्यावरच किल्ली सोडणारं युनिट घ्या.

टाळं आणि टॅग (‘काम चालू आहे’ अशी पाटी) सगळ्यात स्वस्त, पण क्रम पाळायचा की नाही हे माणसावर सोडलेलं. तरी ते टाकून देऊ नका. एक फिटर आत असताना दुसऱ्याने दार लावून किल्ली नेली, तर किल्ली-इंटरलॉक त्याला अडवत नाही. आत जाणाऱ्याच्या खिशात राहील अशी वेगळी किल्ली मागवा, नाहीतर प्रत्येकाचं स्वतःचं टाळं लावा.

किल्ली फक्त हँडल कुठे आहे ते सांगते. कॉन्टॅक्ट चिकटून बसला असेल तर तिला कळत नाही, त्यामुळे व्होल्टेज डिटेक्टर लावून बघणं कुठल्याच पर्यायात सुटत नाही. आणि ऑर्डर देताना डुप्लिकेट किल्ल्या कोणाच्या ताब्यात राहणार, हे लेखी ठरवून घ्या. ड्रॉवरमध्ये पडलेली एक जादा किल्ली सगळी साखळी तोडते.