डिझेल सांडलंय: विहिरीचं पाणी घ्यायचं की शेततळ्याचं?

हायवेलगत शेत. बांधाशी टँकर कलंडला, एका कप्प्यात पेट्रोल, दुसऱ्यात डिझेल. आठवड्यानंतर प्रश्न हाच येतो. तळ्यावर रंगीत तवंग, विहिरीचं पाणी मात्र नितळ, म्हणून जो तो विहिरीकडे वळतो. मी आधी शेततळ्याचा विचार करेन, तोही पिकापुरता.

तळ्यातलं संकट डोळ्यांसमोर असतं. तेल वर तरंगतं, बेंझिनसारखे (पेट्रोलमधलं कर्करोगकारक रसायन) उडून जाणारे घटक खान्देशच्या उन्हात झपाट्याने हवेत जातात. जड भाग गाळात बसतो, तवंगाखाली प्राणवायू घटून मासे मरतात, हे खरं. पण तवंग कडब्याच्या पेंढ्यांनी अडवून उपसता येतो. तो तेलाचाच आहे ना, हे काडीने बघा: मोडून लगेच जुळला तर तेल, काचेसारखे तुकडे झाले तर बहुधा लोहजीवाणूंचा थर.

विहिरीत ना ऊन, ना वारा. जमिनीतले जीवाणू तेल खातात, त्यासाठी आधी पाण्यातला प्राणवायू संपवतात, मग नायट्रेट, मग खडकातलं मँगनीज आणि लोह, पुढे सल्फेट. यात लोह पाण्यात विरघळतं आणि हवा लागताच गंजतं, म्हणून तांब्यात नितळ घेतलेलं पाणी थोड्या वेळाने तांबूस होतं, कधी सडक्या अंड्याचा वास येतो. १९७९ साली अमेरिकेत बेमिजी गावाजवळ तेलवाहिनी फुटली. बरंच तेल काढूनही उरलेल्याचा अभ्यास तिथे १९८३ पासून चालू आहे. एवढा टिकाऊ प्रकार हा.

जमिनीनेही फरक पडतो. यावल-रावेरच्या तापीकाठच्या गाळात तेल कुठवर पसरेल याचा थोडाफार अंदाज बांधता येतो. धुळे-साक्रीकडच्या काळ्या खडकात ते भेगांनी धावतं. तुमची विहीर वाचते आणि तिसऱ्या शेतातल्या भाऊची नासते. त्यात मोटर जोरात चालवली तर ते आपल्याकडेच ओढलं जातं.

पिण्यासाठी दोन्ही बंद. गावाच्या नळाचं किंवा लांबचं पाणी आणा. टीडीएस मीटरवाला 'भाऊ, पाणी एक नंबर' म्हणेल, पण तो मीटर विरघळलेले क्षार मोजतो, त्याला बेंझिन कळतच नाही. तुरटीचा उपयोग नाही, आणि बंद स्वयंपाकघरात उकळलं तर वाफ आपल्याच छातीत. जागतिक आरोग्य संघटनेची बेंझिनची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे, जिभेला ते कळणार नाही. प्रयोगशाळेला बेंझिन आणि टोल्यूइन (पेट्रोलमधलाच दुसरा घटक) यांची तपासणी सांगा, काचेची बाटली बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरा. एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळ्यानंतर. कारण पाणी खाली गेलं की तेल मातीला चिकटून मागे राहतं, आणि पातळी चढली की वास परत येतो.