झिंकची कॅप्सूल आणि बाबांची सही

बाबांना लिव्हर सिरॉसिस आहे, म्हणजे यकृत कडक होऊन थकत गेलंय. डोक्यावर परिणाम व्हायला लागला की मला आधी त्यांच्या सहीवरून कळतं: अक्षरं पसरतात, शेवटचा फराटा भलतीकडेच जातो. मग दिवसा झोप, रात्री टक्क जागे, आणि हात पुढे धरायला सांगितले की पंजे फडफडतात. रक्तात झिंक कमी निघालं म्हणून डॉक्टरांनी ही कॅप्सूल लिहून दिली.

पाकिटावर झिंक सल्फेट २२० मिग्रॅ. त्यात प्रत्यक्ष झिंक ५० मिग्रॅच, आणि नेमकं तेच बारीक अक्षरात! यकृत थकलं की रक्तात अमोनिया साचतो आणि डोक्यावर परिणाम होतो. या अमोनियाचा निरुपद्रवी युरिया करायला शरीराला झिंक लागतं, आणि सिरॉसिसमध्ये ते लघवीवाटे जास्त जातं. उपाशीपोटी दिली तेव्हा तासभर मळमळलं. जेवणानंतर द्यायला लागल्यावर थांबलं. तीन महिन्यांत सही बरीच सावरली. पण सगळं श्रेय कॅप्सूलला देणार नाही, कारण अमोनिया पोटावाटे बाहेर काढणारं लॅक्टुलोज हे औषध चालूच होतं, दिवसातून दोन-तीनदा पोट साफ होईल इतकं.

माझा खरा राग आधीच्या मल्टिमिनरलवर आहे. ताकद येईल म्हणून मीच हौसेनं आणलं होतं. त्यात मँगनीज! ते पित्तावाटे बाहेर पडतं. यकृत थकलं की मेंदूत साचतं, एमआरआयमध्ये पांढरं चमकतं. बाटलीवर यकृताच्या रुग्णांसाठी इशाऱ्याची एक ओळ नाही. ती मी फेकून दिली.

झिंक जास्त दिवस घेतलं की शरीरातलं तांबं घटतं. त्यामुळे पुढचं पाकीट आणायचं ते रक्ततपासणी करून, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.