सीपी८८ साठी ॲम्प: की-बोर्ड ॲम्प सोडून दोन डीबीआर१० वापरल्यावर

पावसाळ्याच्या तोंडावर माझा की-बोर्ड ॲम्प भर तालमीत बंद पडला. सर्व्हिस सेंटरने तो कित्येक आठवडे ठेवून घेतला आणि शेवटी 'आख्खा बोर्ड बदलावा लागेल' म्हणून जो आकडा सांगितला, त्यात थोडी भर घातली तर नवा स्पीकर येत होता. बोर्डवरचा नेमका कोणता भाग गेलाय, हे तपासायची तिथे कुणाची तयारी नव्हती. ॲम्प तसाच परत आणला आणि त्या संतापातच यामाहाचा डीबीआर१० हा स्वतःचाच ॲम्प आत असलेला स्पीकर घेतला.

पियानो यामाहाचाच, सीपी८८ हा इलेक्ट्रॉनिक पियानो. त्याला स्वतःचे स्पीकर नाहीत, म्हणून ॲम्पची निवड चुकली की चांगला पियानोही फुकट जातो. गिटार ॲम्पचा विचार करूच नका. त्याला ट्वीटर, म्हणजे वरच्या कंपनांसाठीचा छोटा स्पीकर, नसतो, साधारण ५,००० हर्ट्झच्या वर तो उतरत जातो आणि हातोडीच्या ठोक्याची धार तिथेच मरते. डीबीआर१० मध्ये ती धार पहिल्या दिवसापासून आहे. वजन १०.५ किलो. १८.६ किलोचा पियानो जिन्यावरून उतरवल्यावर हे किती सुखाचं वाटतं, ते पाठच सांगेल. वॅटच्या मोठ्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजू नका; वॅट दुप्पट झाले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. स्पीकरमागची एचपीएफची, म्हणजे खालची कंपनं कापणारी, कळ मात्र बंद ठेवा. ती १०० हर्ट्झवर राहिली तर खालच्या जवळजवळ दोन सप्तकांचे मूळ स्वर पातळ होतात.

आता खरा मुद्दा: मोनो, म्हणजे डावी-उजवी बाजू मिसळून एकच आवाज. सुरुवातीला मी सगळ्यांना सांगत होतो की एक डीबीआर१० पुरतो. मग एका भावगीतांच्या कार्यक्रमात गायिकेने सुरांसाठी कान दिला आणि तिला मधलं सप्तक लांबून आल्यासारखं वाटलं. मलाही तेच ऐकू येत होतं: पोकळ, डब्यातून आल्यासारखं. हेडफोनवर तोच पियानो भरदार. कारण असं, की अशा वाद्यातले खऱ्या पियानोचे ध्वनिमुद्रित नमुने दोन माइक वेगवेगळ्या जागी ठेवून घेतलेले असतात. तोच स्वर दोन्ही माइकपर्यंत जरा मागेपुढे पोहोचतो. फक्त 'एल/मोनो' जॅक लावला की वाद्य दोन्ही बाजू एकत्र करतं आणि काही कंपनं एकमेकांना खाऊन टाकतात. स्पीकर कितीही महाग घ्या, जे आधीच कापलं गेलंय ते तो परत आणू शकत नाही. माझ्या जुन्या ॲम्पमध्येही हेच होत होतं आणि मी बिचाऱ्या इक्वलायझरशी झटत बसायचो.

एवढ्यासाठी दुसरा डीबीआर१० घेतला, जुन्यातला, घासाघीस करून. दोन्ही बाजूंना एकेक ठेवून वाजवला आणि मधलं सप्तक परत आलं. पैसे गेल्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही, आणि मी पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस आहे.

तरी माझं मत पुन्हा थोडं बदललंय. नाट्यगृहातली मोठी यंत्रणा बहुतेकदा मोनोच चालते, तिथे तुमच्या दोन स्पीकरचा प्रेक्षकांना उपयोग नाही. तिथे मी साऊंडवाल्यांना दोन्ही केबल देतो आणि विनंती करतो की एकच बाजू घ्या, दोन्ही मिसळू नका. एकच केबल दिली तर वाद्यच दोन्ही बाजू मिसळतं. एका बाजूत वरचे किंवा खालचे स्वर जरा कमी-जास्त लागतात, पण तो दोष पोकळपणापेक्षा शंभर पटींनी बरा. काही साऊंडवाले ऐकतात, काही 'सगळे असंच देतात' म्हणून पुढे जातात. त्यांच्याशी मी आता वाद घालतो, कारण गाणाऱ्याच्या कानाचा प्रश्न आहे. घरगुती बैठकीत आणि छोट्या सभागृहात मात्र दोन स्पीकरच. मंचावर एकच न्यायचा असेल तर तो आडवा ठेवून डी-कॉन्टूर ही आवाजाचा पोत बदलणारी कळ 'मॉनिटर'वर करतो, म्हणजे जमिनीवर ठेवल्यावर आवाज गुबगुबत नाही.

दुकानात ऐकायला जाताना स्वतःचा पियानो न्या. आधी दोन्ही केबल लावून मधल्या सप्तकातला एक संथ कॉर्ड धरा, मग पियानोतून उजवी केबल काढून तोच कॉर्ड पुन्हा धरा. दुकानदार घाई करत असेल तर खुशाल करू द्या.