सोनी सीएक्स ४०५ घेताय? मग हार्ड डिस्कचे पैसेही आत्ताच बाजूला काढा

जत्रांचा सीझन आला की दशावतार शूट करायला कुठला कॅमेरा घेऊ असं आमच्या सिंधुदुर्गात बरेच जण विचारतात, माझं उत्तर ठरलेलंय, सोनीचा हँडीकॅम सीएक्स ४०५. मॉडेल २०१५ चं आहे, फोर-के नाही, वायफाय नाही, तरी रात्रभराच्या नाटकाला मला हाच बरा वाटतो आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे ३० एक्स ऑप्टिकल झूम. मांडवात सगळ्यात मागे ट्रायपॉड लावून बसलात तरी राजाच्या कपाळावरचा टिळा स्पष्ट दिसतो, मोबाईलने तेवढा झूम मारा, नुसता चिखल होतो. शिवाय शूटिंग चालू असताना कोणाचा फोन येणार नाही. बॅटरी मात्र एकीवर रात्र निघत नाही, जास्तीच्या दोन खिशात हव्यातच.

उजेड कमी असला की अडचण आहे हे आधीच सांगतो. सेन्सर एकदम चिमुकला, १/५.८ इंचाचा, त्यामुळे काळ्या वेशातला संकासुर अंधाऱ्या कोपऱ्यात गेला की चित्रात दाणे येणारच. आणि फोकस लाईट थेट तोंडावर असेल तर रंगवलेला चेहरा पांढराफटक होतो, तेव्हा ऑटोवर सोडू नका, मेन्यूत जाऊन एक्सपोजर थोडं खाली आणा. फ्रेम रेट ५०पी, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं, ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाईटखाली लुकलुक होत नाही. माईकचं सॉकेट नाहीये याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण दशावतारात पखवाज आणि पेटी नीट ऐकू आली नाही तर मग राहिलं काय! वेगळा ऑडिओ रेकॉर्डर पेटीवाल्या बुवांजवळ ठेवा, सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, एडिटिंगला आवाज जुळवायला तेवढी पुरते.

आता स्टोरेज, आणि लोक फसतात ते इथेच. कॅमेऱ्यात व्हिडिओ साठवायचे दोन फॉरमॅट आहेत, एक्सएव्हीसी एस आणि एव्हीसीएचडी. एक्सएव्हीसी एस मोडला ५० एमबीपीएसवर (सेकंदाला ५० मेगाबिट) तासाला साधारण २२ जीबी लागतात, म्हणजे सहा तासांच्या नाटकाला १३० जीबीच्या वर. एव्हीसीएचडीला २८ एमबीपीएसवर तासाला १२-१३ जीबीत भागतं आणि असल्या उजेडात मला दोन्हींत फारसा फरक दिसत नाही, मी एव्हीसीएचडीच वापरतो. फक्त त्यात फाईल दर २ जीबीला तुटते, म्हणजे दहाएक मिनिटांचे तुकडे पडतात, आणि ते नुसते एकापुढे एक लावले तर जोडावर गाणं अडखळू शकतं. म्हणून एकेक एमटीएस फाईल, म्हणजे हे तुकडे, सुटे उचलू नका, कार्डावरचा प्रायव्हेट नावाचा अख्खा फोल्डर आहे तसा कॉपी करा, वर गावाचं नाव आणि तारीख टाका, सांधायचं काम नंतर सॉफ्टवेअरवर.

मायक्रो एसडी कार्ड स्वस्त मिळालं म्हणून उचलू नका, बाजारात असली कार्डं आहेत जी १२८ जीबी दाखवतात आणि आत मेमरी त्याच्या पाव पण नसते, ती भरली की पुढचं रेकॉर्डिंग गेलंच. नवीन कार्ड आणलं की एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा, मगच जत्रेला न्या.

आणि कार्ड म्हणजे साठवणीची जागा नव्हे हो. दोन वेगळ्या हार्ड डिस्क घ्या, दोन्हीवर कॉपी झाली, फाईल उघडून मधून मधून चालवून बघितली की मगच कार्ड फॉरमॅट करा, तेही कॅमेऱ्यातूनच. एसएसडी, म्हणजे आत फिरती तबकडी नसलेली चिपवाली डिस्क, रोजच्या एडिटिंगला झकास, पण वर्षानुवर्षं कपाटात बंद ठेवायला नको, वीज न मिळाल्यास त्यातला डेटा हळूहळू जाऊ शकतो, तिथे साधी फिरती हार्ड डिस्कच बरी. दुसरी डिस्क दुसऱ्या घरी ठेवा, कोकणातला पाऊस आणि दमट हवा वेगळी सांगायला नको. आज रंगात असलेला म्हातारा कलाकार पुढच्या जत्रेला उभा असेलच असं नाही, त्याचं ते रेकॉर्डिंग परत मिळणार नाही, म्हणून कॅमेऱ्यात दोन-चार हजार वाचवायचे तर वाचवा, दुसऱ्या डिस्कमध्ये वाचवू नका.