टेन रागाज टू अ डिस्को बीट: पेटीची सवय असलेल्या कानांसाठी

मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांच्या 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' या अल्बमवर जे छापून येते, त्यातले बरेचसे एकाच वादात खर्ची पडते: ॲसिड हाउस, म्हणजे किरकिरत्या सिंथ-बासवर चालणारे नृत्यसंगीत, आधी शिकागोत झाले की मुंबईत? हे रेकॉर्डिंग १९८२चे, आणि ॲसिड हाउसची सुरुवात मानले जाणारे, फ्यूचर या शिकागोच्या गटाचे 'ॲसिड ट्रॅक्स' १९८७चे. तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. पुढे एडो बौमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये त्यांच्या बॉम्बे कनेक्शन या लेबलने ती नव्याने काढली. आवाज इतका ताजा होता, की हा आजच्या कोण्या संगीतकाराने केलेला बनाव असावा, अशी शंका अनेकांनी घेतली. बनाव नव्हताच. मात्र शिकागोवाल्यांपर्यंत ही तबकडी पोचल्याचा पुरावाही नाही, म्हणून सिंग यांना ॲसिड हाउसचे जनक म्हणणे ताणलेले वाटते. या वादात रागांचे काय झाले, हे विचारायचे मात्र राहून गेले.

वाद्ये तीन, तिन्ही रोलँड या जपानी कंपनीची. टीआर-८०८ या ड्रम मशीनवर ठेका, टीबी-३०३ या बास-यंत्रावर बास, ज्युपिटर-८ या कीबोर्ड सिंथेसायझरवर राग. ३०३ हे यंत्र गिटारवाल्यांना सरावासाठी बासची साथ मिळावी म्हणून निघाले होते. त्यात १६ घरांचा पॅटर्न भरायचा आणि प्रत्येक घराला हवा तर जोर द्यायचा, हवी तर पुढच्या स्वराकडे घसरण. ही घसरण आपल्या कानाला मींडेसारखी लागते, पण तिचा वेळ ठरलेला असतो. सा वरून ग वर जा की प वर, लागतो तेवढाच क्षण. खऱ्या मींडेत वादक वाटेत रेंगाळतो. इथे ते शक्य नाही. म्हणून रागाचा विस्तार सिंग यांनी ज्युपिटरवर ठेवला, हा निर्णय अल्बमला तारतो.

राग निवडताना यंत्राची अडचण कुठे येते, ते कलावती आणि तोडी लागोपाठ ऐकले की कळते. कलावतीत सा, ग, प, ध आणि कोमल नी एवढेच स्वर; मोकळी जागा भरपूर, बास त्यात छान खेळतो. भूपाळीही तशीच. तोडीचे कोमल रे आणि ग मात्र किंचित उतरलेले हवेत, आणि सिंथ त्यांना पेटीच्याच पट्टीत बसवतो. भजनी मंडळाच्या पेटीवर वाढलेल्या कानाला हे एरवी खटकत नाही, तोडीत खटकते. ललतमध्ये दोन्ही मध्यम शेजारी येतात, तिथे बासच्या पुनरावृत्तीने थोडी गर्दी होते. भैरवी मात्र पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही धरून ठेवते.

मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकून मत बनवू नये. ८०८चा मुख्य ठोका ५० हर्ट्झच्या आसपास असतो. छोट्या स्पीकरमधून त्याची फक्त टिकटिक उरते. लग्नाच्या डीजे बॉक्सवर उलटे होते. बास पूर्ण चढवला की ठोका सगळे गिळतो, आणि ३०३चा किरकिरता, ओला आवाज, जो मधल्या पट्टीत असतो, तो गायब होतो. बास मधोमध ठेवा, मिड कापू नका. साधे वायरचे इअरफोनही चालतील. गावात रेंज धड नसेल तर आधी डाउनलोड करून ठेवा. सलग ठेक्यात बफरिंग आले की सगळी लय मोडते.

धुमाल पार्टीत कीबोर्ड वाजवणाऱ्यांनी हा बास करून पाहावा. सॉ-टूथ टोन घ्या, मोनो मोड (एका वेळी एकच स्वर) लावा, पोर्टामेंटो (घसरणीचा वेळ) साधारण ६० मिलिसेकंद, फिल्टरचा कटऑफ खाली, रेझोनन्स चढता. पॉली मोड राहिला तर घसरण नीट येत नाही, स्वर एकावर एक चढून चिखल होतो. १६ पैकी तीन-चारच घरांना घसरण द्या. सगळ्यांना दिली तर कुठलाच स्वर ठरत नाही. कलावतीपासून सुरुवात करा, ऑक्टोपॅडवाल्याला ठेका सरळ ठेवायला सांगा, आणि कटऑफ हळूहळू उघडत जा.